बटणगवत

पाटीवर चार नावं आहेत, पांढऱ्या ऑइलपेंटने:
अलामो, कॅनलो, ब्लॅकवेल, शॉनी.
वर कन्नड, खाली इंग्रजी,
आणि अगदी तळाशी, मराठीत,
कुणीतरी खिळ्याने खरवडलेलं: गवत.

अक्कोळच्या माळावर अडीच एकर.
तीन सालांमागं इथं तंबाखू होता.
मी निपाणीत वखारीत एकोणीस वर्षं चाळण हलवली,
आता ताडपत्रीवर बसून गवत तोलते.
ओलं वजन एका रकान्यात,
चार दिवस वाळवून दुसऱ्या रकान्यात.
भाकरी मोडताना बोटांना
अजून जुनाच वास येतो.

नेमगोंडा म्हणाला, स्विच म्हणजे बटण.
झालं, गावभर बटणगवत.
पोरं कुंपणाला लोंबकळून विचारतात,
मावशी, दाबलं की लाइट लागती का?

पहिल्या साली बोटभर वर आलं नाही.
हरळीच जास्त माजली, लव्हाळा तर विचारू नका.
चावडीवर लोक हसले: सरकारी गवत, खाली वाढतंय!
दुसऱ्या साली बसलिंग साहेबांनी खड्डा घ्यायला लावला.
मी आत उतरले, खुरप्याने भिंत खरवडली,
आणि खरंच, खालीच वाढत होतं.
माझ्या छातीपर्यंत मुळं,
केसांत गुंता व्हावा तशी,
कोरड्या मुरमातसुद्धा ओल धरून बसलेली.
मी बराच वेळ वर आलेच नाही.

ब्लॅकवेल मात्र गुडघ्याएवढं झालं न झालं तोच फुललं.
साहेब म्हणाले, हे वरच्या मुलखातलं,
तिकडं उन्हाळ्याचा दिवस लांबलचक असतो.
आपला दिवस लवकर मिटतो,
त्याला वाटतं साल सरलं, मग उरकून टाकतं.
मी वहीत लिहिलं: लवकर फुलोरा.
पेन्सिल तशीच धरून राहिले.
चौदाव्या वर्षी माझं उरकलं होतं.
तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल,
दिवस आखूड आहेत.

अलामोला घाई नाही.
ते माझ्या डोक्यावरून गेलं,
आत शिरलं की रस्त्यावरच्या ट्रका फक्त ऐकू येतात,
कोल्हापूरकडच्या आणि बेळगावकडच्या,
आणि कुठली कुठली, ते सांगता येत नाही.

मल्लव्वाची म्हैस एका रात्रीत शॉनीच्या दोन ओळी खाऊन गेली.
कारण लिहायच्या रकान्यात मी लिहिलं: म्हैस.
साहेबांनी कन्नडात त्याखाली लिहिलं: एम्मे.
वरच्या ऑफिसातून पत्र आलं,
ही कोणती कीड आहे, नमुना पाठवा.

बदलीच्या दिवशी साहेब पाटीपाशी थांबले.
म्हणाले, अक्का, बटण न्हवं ते.
मी पुस्तकात बघितलं.
लई जुन्या एका शब्दाची मोडतोड होऊन ते नाव झालंय,
आणि त्या शब्दाचा अर्थ होता, जितं.
मग गाडीत बसले.
खिडकीतून म्हणाले, वजनं चुकवू नका.

त्यांच्या जागी अजून कुणी आलेलं नाही.
मी मंगळवारी मंगळवारी तोलते.

परवा कारखान्याने चाचणीला दाबलेल्या कांड्या परत पाठवल्या,
अर्धं पोतं, बोटाएवढ्या, चकचकीत, गुळगुळीत.
आम्ही या मातीत जे जे लावलं
ते शेवटी कुणीतरी पेटवलंच.
तंबाखू गेला लोकांच्या छातीत,
हे बॉयलरात जाईल, नाहीतर कुठंच नाही.
दोन मुठी मी पदरात बांधून घरी आणल्या,
चुलीत घातल्या, वर आंघोळीचं पाणी.

जाळ निळसर, मग पिवळा.
धूर थोडकाच.
पाणी कढत आलं तरी
मी फुंकणी हातात घेऊन तिथंच,
एकोणीस वर्षांच्या सवयीने
तोंड जरा बाजूला करून,
शिंकेची वाट बघत.